ज्वारीच्या पावाचा साचा

माझी बायको अकोल्याची. तिच्या माहेरच्या गल्लीत एक बेकरी होती आणि सकाळी दात घासायच्या आधी गरम डबलरोटी आणायचं काम तिच्याकडे असायचं. लग्न होऊन ती अमरावतीला आली, आमच्या घरातल्या सगळ्या रीती तिनं उचलल्या, पण सकाळच्या चहासोबत पाव लागायचा तो लागायचाच. तव्यावर तूप सोडून, कडा चांगल्या तांबूस होईपर्यंत भाजलेला. आम्हा सगळ्यांसाठी ती पोळ्या लाटायची आणि स्वतः आधी उभ्या-उभ्या तो पाव खाऊन घ्यायची.

दोनेक वर्षांपूर्वी तिचं वजन उतरायला लागलं. पोट फुगायचं, जिना चढताना दम लागायचा, रक्ताच्या गोळ्यांनी रक्त वाढत नव्हतं. आम्ही बरेच दवाखाने केले. शेवटी एका डॉक्टरांनी नेमकी तपासणी सांगितली आणि रिपोर्ट पाहून म्हणाले, "तुम्हाला गहू चालत नाही. थोडासुद्धा नाही, कधीच नाही." गव्हात ग्लुटेन नावाचा चिकट पदार्थ असतो, तो हिच्या आतड्याला सोसत नव्हता. पोळी, रवा, मैदा, शेवया, बिस्किट, सगळं बंद.

तिनं ते शांतपणे घेतलं. "ज्वारीच्या मुलखात राहते मी," ती म्हणाली, "उपाशी थोडीच मरीन." घरातला गव्हाचा डबा आम्ही शेजारी देऊन टाकला, पोळपाट नवीन आणलं, आणि मीही घरी भाकरीच खायला लागलो. तीन-चार महिन्यांत तिच्या चेहऱ्यावर रंग आला.

एका सकाळी मी शाळेत निघायच्या तयारीत होतो. मी चित्रकलेचा मास्तर आहे, आमची शाळा लवकर भरते. ती चहाचा कप पुढ्यात घेऊन नुसती बसली होती. चहावर साय धरली होती.

"काय झालं?" मी विचारलं.

"काई नाई. भाकर चांगलीच हाय. पन चहात बुडवाची गोष्ट भाकरीत नाई." मग कपाकडे पाहत म्हणाली, "एकडाव डबलरोटी खावाशी वाटते."

ती एरवी काही मागत नाही असं नाही. मागायचं असलं की भांडून मागते आणि घेते. हे मात्र तिनं हळू आवाजात, मिळणार नाही हे ठाऊक असल्यासारखं म्हटलं. त्यामुळे ते मला लागलं. शाळेत दिवसभर फळ्यावर कमळ काढताना माझ्या डोक्यात पावच होता.

गव्हाशिवाय पाव होतो, हे आम्हाला फोनवरच्या व्हिडिओंतून कळलं. ज्वारीचं पीठ, थोडं साबुदाण्याचं पीठ, इसबगोल आणि यीस्ट. हे पीठ मळून गोळा होत नाही, भज्यांच्या पिठाहून थोडं घट्ट असं राहतं. आमच्या घरी केकपुरता एक छोटा ओव्हन होता आणि केकचं एक गोल भांडं. त्यात तिनं पहिला पाव केला. पीठ छान फुगलं, ओव्हनमध्ये गेलं आणि मधोमध बसलं.

"हे तं गोवरी झाली," ती म्हणाली आणि हसली.

मी पुन्हा व्हिडिओ पाहिले. ज्यांचा ज्वारीचा पाव उभा राहत होता त्यांचा साचा अरुंद आणि खोल होता, आणि त्याला सरकतं झाकण होतं. गव्हाच्या कणकेला स्वतःचा ताण असतो, ती आपल्या बळावर उभी राहते. ज्वारीला भिंती लागतात. आणि वर झाकण असलं की वाफ आत राहते, पाव माथ्यावर फाटत नाही. म्हणजे आम्हाला पाहिजे होता तो झाकणाचा साचा. त्यात काय एवढं, असं मला वाटलं.

इतवारा बाजारातली भांड्यांची दुकानं मी पालथी घातली. इडलीचे, मोदकाचे, कुल्फीचे, चकलीचे, सगळे साचे निघाले. एका दुकानदारानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, ब्रेडले झाकन कायले पाहिजे?" मी वाफेचं सांगायला लागलो तोवर तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला होता. केकचं सामान विकणारं एक नवं चकचकीत दुकान होतं. तिथे बदामाच्या आकाराचं भांडं होतं, बाहुलीच्या घागऱ्याचं होतं, शून्य ते नऊ सगळे आकडे होते. दुकानातली मुलगी फार अदबीनं म्हणाली, "केकचं सगळं आहे सर. ब्रेड घरी कोणी करत नाही." 

ऑनलाइन मागवला. फोटोत उंच दिसणारा साचा प्रत्यक्षात साबणाच्या डबीएवढा निघाला. दुसऱ्यांदा मागवला तर पाव ठेवायचा प्लास्टिकचा डबा आला. दोन्ही परत पाठवले. चालू बेकऱ्यांमध्ये गेलो. त्यांच्याकडे साचे होते, पण चार-चार एका पट्टीत जोडलेले, त्यांच्या मोठ्या भट्टीच्या मापाचे, आणि झाकण कोणालाच नाही. 

लोकांना तोंडी सांगून समजत नाही, हे माझ्या लक्षात आलं. मग मी माझ्या कामाकडे वळलो. जाड पुठ्ठा घेतला, मुलांना घनाकृती शिकवतो तशी घडी आखली, कापली, चिकटवली. वरच्या दोन कडांना आत वळवलेली खोबण केली आणि तीत सरकणारं पुठ्ठ्याचंच झाकण बसवलं. कापडी पिशवीत घालून तो साचा मी सगळीकडे न्यायला लागलो. स्टाफरूममध्ये एकानं विचारलं, "सर, प्रदर्शनाचं मॉडेल का?" मी हो म्हटलं.

तो पुठ्ठा घेऊन मी पत्र्याचं काम करणाऱ्याकडे गेलो. तो धान्याच्या कोठ्या आणि नरसाळी करायचा. त्यानं पुठ्ठ्याचा साचा उलटासुलटा पाहिला, झाकण दोनदा सरकवलं आणि म्हणाला, "होऊन जाईल." आणि खरंच, आठवड्यात त्यानं हुबेहूब डबा करून दिला. कोपरे काटकोनात, सांधे कथलाचा डाग देऊन पक्के. मी तो सायकलच्या हँडलला लटकवून घरी आणला तेव्हा माझी छाती फुगली होती.

तिनं त्याच दिवशी पीठ भिजवलं. दुपारी ते साच्याच्या कडेपर्यंत आलं. झाकण सरकवून आम्ही तो ओव्हनमध्ये ठेवला आणि दोघंही समोर खुर्च्या टाकून बसलो. थोड्या वेळानं कसला तरी वास आला, ज्वारीचा नव्हे. मग खालच्या सांध्यातून पिठाचा ओघळ निघाला, तापलेल्या नळीवर पडला आणि स्वयंपाकघरभर धूर झाला. तिनं खिडक्या उघडल्या, मी बटण बंद केलं. डाग वितळून सांधा सुटला होता.

"बस झालं आता," ती खोकत म्हणाली. "तुमी कावून एवढं मनावर घेऊन राहिले? पाव नाई खाल्ला तं काई मरत नाई मानूस."

"मी कुठं म्हणतो मरतं म्हणून."

"मंग?"

"मंग काही नाही. साचा मिळन."

पत्रेवाल्याकडे गेलो तर तोच माझ्यावर चिडला. "सर, तुमी भट्टीत घालाचं सांगतलंच नाई मले! डाग वितळनारच ना." मग म्हणाला, "बिनडागाचा केला तं ह्या पातळ पत्र्याची दुमड धरत नाई. पीठ गळन. तुमाले बेकरीचाच जाड पत्र्याचा साचा पाहिजेन." त्याचं बरोबर होतं. मी त्याला नुसता डबा म्हणून सांगितला होता. 

साचा पाहिजे तो बेकरीचाच, आणि तोही झाकणाचा. हे मी रात्री जेवताना बोललो तेव्हा भाकरीचा तुकडा मोडता-मोडता ती थांबली.

"आमच्या गल्लीतल्या बेकरीत होते," ती म्हणाली. "लांब-लांब. झाकनाचे. स्टेशनावरच्या कँटीनले चौकोनी डबलरोटी जाये, त्याच्यासाठी."

"हे तू आत्ता सांगून राहिली?"

"बेकरी कईचीच बंद झाली. बेकरीवाले चाचाबी गेले. कायले सांगू?"

मी तिला सोबत चल म्हटलं. ती नाही म्हणाली. "बंद दुकान पाहून मी काय करू? तुमी जा, तुमाले हौस हाय तं." 

पुढच्या रविवारी मी बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला गेलो. स्टेशनवरून ऑटोनं गल्लीत उतरलो. बेकरीचं शटर खाली होतं आणि त्याच्यापुढे कूलरच्या जाळ्या रचलेल्या होत्या. बाजूच्या दारात हाक मारली तर एक वयस्कर बाई बाहेर आल्या. पांढरी ओढणी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. ह्याच बेकरीवाल्या चाचांच्या बायको, चाची, हे मला लगेच कळलं.

"कूलर का काम बेटे करते हैं," त्या म्हणाल्या. "शाम को आना."

"कूलरचं नाही, मी साच्यांसाठी आलो," असं म्हणून मी पिशवीतून पुठ्ठ्याचा साचा काढला. त्यांनी तो हातात घेतला. झाकण मागे-पुढे सरकवलं. "ढक्कन इतना ढीला नहीं रहता," त्या म्हणाल्या. "कौन हो तुम?"

मी बायकोच्या घराचं सांगितलं, चार घरं पलीकडचं, दारात बेलाचं झाड असलेलं. चाचींनी चष्मा वर सारला आणि त्यांची भाषाच बदलली.

"म्हंजे तुमी आमच्या गल्लीचे जावई! मंग असे दारात काहून उभे? आत या बाप्पा." आणि आत नेऊन खाटेवर बसवत म्हणाल्या, "तुमची बायको लय चटोर होती. रोटीची कड तोडून खात-खात घरी जाये. मंग तिची माय येऊन माह्याशी भांडे, का तुमी कमी वजनाची रोटी देता म्हनून."

चहा आला. सोबत बशीत बिस्किटं आली तेव्हा मला बायकोच्या आजाराचं सांगावं लागलं. गहू बंद म्हटल्यावर चाचींचा हात बशीवरच राहिला. "बिलकुल बंद?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी स्वतःचंही बिस्किट खाली ठेवलं.

भट्टीची खोली त्यांनी मला दाखवली. भट्टीच्या तोंडाशी मोटारी आणि पंख्यांची पाती पडली होती. साचे मात्र नव्हते. चाचा गेल्यावर मुलांनी सगळं काढून टाकलं. 

"भंगारात?" मी विचारलं.

"पत्रे, जाळ्या गेल्या भंगारात. झाकनाचे साचे नाई गेले. थे एक लग्नाच्या स्वयंपाकाचा ठेका घेनारा मानूस घेऊन गेला, कुल्फीची वडी जमवाले. तुमच्याकडचाच हाय. वलगावचा."

वलगाव आमच्या घरापासून सायकलवर जाण्याच्या अंतरावर आहे. मी अकोल्यात खाटेवर बसून हसलो आणि चाचीही हसल्या. निघताना त्या म्हणाल्या, "पोरीले घेऊन येजा. अन् साचा भेटला तं मले कळवजा."

ठेकेदाराचं घर वलगावात कोणीही दाखवलं असतं. अंगणात कढया पालथ्या घातलेल्या, मांडवाचे बांबू, आणि एक जुनी मालवाहू गाडी. माणूस धिप्पाड, फोनवर कोणाला तरी बासुंदीचं सांगत होता. त्यानं माझं म्हणणं ऐकलं, आत जाऊन एक साचा आणून दाखवला. काळ्या जाड पत्र्याचा, लांबच लांब, झाकण अंगासरशी सरकणारं. मी इतके दिवस जे शोधत होतो ते त्याच्या हातात होतं.

"हाच," मी म्हटलं.

"हाच हाय, पन देता येत नाई, मास्तर. लग्नसराई हाय. एका पंगतीले सगळे साचे लागते मले."

"एकच द्या. दुसरा घेऊन द्यायची तयारी आहे माझी."

"दुसरा भेटत असता तं तुमी इथं काहून आले असते?"

मी घरी आलो. दोन दिवसांनी पुन्हा गेलो, तो कार्यावर गेला होता. आणखी एकदा गेलो, तेव्हा त्यानं मठ्ठा पाजला आणि पुन्हा नाही म्हटलं. चौथ्या वेळी मी अंगणातच थांबलो आणि त्याच्या गाडीकडे पाहत राहिलो. गाडीवरचं नाव उन्हानं उडालं होतं. वर चिकटवलेल्या छापील कागदाचे तुकडे लोंबत होते.

तो बाहेर आला. "काय पायता?"

"हे अक्षर कोणी काढलं होतं?"

"होता एक पेंटर. आता असे पेंटर राहिले कुठी? सगळे छापून चिकटवते, अन् एका पावसाळ्यात गेलं."

"मी काढून देतो," मी म्हटलं. "दोन्ही बाजूनं. मागेसुद्धा. ऑइल पेंटनं, सात-आठ वर्षं हलणार नाही. त्याच्या बदल्यात एक साचा."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमाले खरंच येते?"

मी खिशातून पेन काढून त्याच्या वर्तमानपत्राच्या कडेवर त्याचं आडनाव लिहून दाखवलं, सावलीसकट. तो म्हणाला, "उद्या या."

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या होत्या. रोज सकाळी ऊन चढायच्या आत मी डबे आणि ब्रश घेऊन वलगावला जायचो. जुना रंग खरवडला, अस्तराचा हात मारला, मग अक्षरं आखली. शाळेत कित्येक वर्षं मुलांच्या वह्यांवर लाल खुणा करून-करून मोठं अक्षर काढायची माझी सवय गेली होती. पहिल्या दिवशी रेघ वाकडी गेली, ती पुसून पुन्हा काढली. तिसऱ्या दिवसापासून ब्रश एका ओढीत वेलांटी काढायला लागला आणि मला जेवायचंही भान राहिना. ठेकेदाराला गाडीच्या मागच्या दारावर कढईजवळ उभा आचारी पाहिजे होता. मी काढला. मिशा रंगवल्यावर त्याच्या बायकोनं दारातून पाहिलं आणि ओरडली, "अवो, हे तं तुमीच!" मी मुद्दाम केलं नव्हतं. पण तो इतका खूश झाला, की साचा देताना त्यानं तो आपल्या हातानं चिंचेनं घासून, कापडात गुंडाळून दिला.

बायकोनं साचा ओट्यावर ठेवला, ओव्हनकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "मापलं नव्हतं का?" तिनं विचारलं. 

साचा ओव्हनपेक्षा वीतभर लांब होता. तो हातात पडेल की नाही ह्याच धास्तीत मी असल्यानं हे मला सुचलंच नव्हतं. मी तो ओव्हनमध्ये तिरपा घालून पाहिला, बसला नाही. ती मात्र साचा उचलून खिडकीच्या उजेडात धरून त्याचे सांधे पाहत होती.

"अन् हे पाहा," ती म्हणाली. "घडीमदी जुनं पीठ जळून बसलं हाय. गव्हाचं. मले असा चालनारच नाई. हा खोलावाच लागते. मंग खोलाचाच हाय तं कापून लहान करू."

ह्या वेळी पत्रेवाल्याकडे ती स्वतः माझ्यासोबत आली आणि बोलली तीच. साचा भट्टीत जाणार आहे, डाग चालणार नाही, सगळ्या घड्या उघडून घासून मगच पुन्हा दुमडायच्या, हे तिनं त्याला दोनदा सांगितलं. पत्रेवाल्यानं पत्रा बोटानं वाजवून पाहिला. "हा धरन दुमड," तो म्हणाला. एका घडीतून काळी पूड निघाली ती त्यानं ब्रशनं झाडली, तेव्हा बायको चार पावलं मागे सरकली. कोपऱ्यांना त्यानं रिव्हेट मारले. झाकणही कापलं. एका बाजूला पत्रा जरासा पोक काढून राहिला, तो अजून तसाच आहे.

पहिला पाव झाकणाला चिकटला आणि काढताना माथा निघून आला. दुसरा बाहेरून सुंदर झाला आणि आतून कच्चा राहिला. दोन्ही वेळा तिनं पीठ पुन्हा भिजवलं. पाणी कमी केलं, वेळ वाढवला, झाकणाला आतून तेलाचं बोट फिरवलं. आता मी म्हणत होतो थोडे दिवस थांबू, आणि तीच थांबायला तयार नव्हती.

तिसऱ्या वेळी झाकण एका ओढीत सरकलं. आत चौकोनी, सपाट, तांबूस पाव होता. साच्यातून उलटा केला तर तो उभा राहिला. ती म्हणाली, गार झाल्याशिवाय कापायचा नाही, आणि आम्ही थांबलो. मग तिनं सुरीनं दोन तुकडे कापले, तव्यावर तूप सोडलं, दोन्ही बाजूंनी भाजले, चहा केला. तुकडा चहात बुडवला. तो विरघळला नाही, तुटून पडला नाही. तिनं खाल्ला. मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो.

"कसा आहे?"

"तसा नाई," ती म्हणाली. दुसरा घास घेतला. "पन पाव हाय." आणि मग ती रडायला लागली. रडता-रडताच तिनं तो तुकडा संपवला आणि दुसरा मला न विचारता घेतला.

पुढच्या आठवड्यात ती आपणहून म्हणाली, "अकोल्याले जाऊ." चाचींना फोन करून कळवलं होतंच. अर्धा पाव स्वच्छ कापडात बांधून आम्ही गेलो. गल्लीत शिरल्यावर तिनं शटरकडे पाहिलं, क्षणभर थांबली, आणि सरळ चाचींच्या दारात गेली. दोघी एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. भट्टीच्या खोलीत त्या दोघी बराच वेळ होत्या, मी बाहेर त्यांच्या मुलाशी कूलरबद्दल बोलत बसलो.

मग चाचींनी पावाचा तुकडा घेतला, बोटानं दाबून पाहिला, वास घेतला, सावकाश चावला. 

"जवार की है, मालूम पड़ता है," त्या म्हणाल्या. "मीठ जरा कमी हाय. अन् कड अजून कडक होऊ दे, घाई करत जाऊ नको. बाकी चांगली हाय पोरी."

परतीच्या गाडीत तिला खिडकीजवळची जागा मिळाली. मूर्तिजापूर गेलं तेव्हा तिचं डोकं खिडकीला टेकलेलं होतं. मला वाटलं डोळा लागला असेल. मग ती एकदम माझ्याकडे वळली.

"छोटे गोल पाव करता येतीन का हो? वड्याले लागते तसे. त्याले कोनता साचा लागत असन?"

मी पिशवीतून पेन्सिल काढली आणि तिला विचारलं, "केवढे पाहिजेत, हातानं दाखव."